सत्ता जिथवर, जबाबदारी तिथवर

भिलाईला मी पहिल्यांदा गेलो तो शाळकरी वयात, उन्हाळ्याच्या सुटीत, मामांकडे. नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करीत पॉवर हाऊस स्थानकाला लागली तेव्हा रात्र झाली होती आणि आकाशाचा एक कोपरा तांबूस दिसत होता. कुठे तरी आग लागली असावी, असे मला वाटले. मामा हसले. ती आग विझली तर देशाच्या रेल्वेला रूळ मिळायचे नाहीत, असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

मामा त्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात पाळीप्रमुख होते. स्वभावाने सज्जन, देवभोळे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एके रात्री आम्ही जेवायला बसलो असताना कारखान्यातून निरोप आला की, उंचावर काम करणारा एक माणूस खाली पडला आहे. मामांनी हातातला घास तसाच धरून विचारले, ‘‘आपला की ठेकेदाराचा?’’ निरोप्या म्हणाला, ‘‘ठेकेदाराचा.’’ मामांनी सुस्कारा सोडला, ताटातला भात संपवला आणि मगच ते उठले. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. घरात कोणी विचारलेच नाही.

निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी मामांनीच तो विषय काढला. ‘‘पडला तो माणूस होता. मी मात्र तो कोणाच्या हिशेबात आहे ते आधी विचारलं,’’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच वाक्याने मला इतके अस्वस्थ केलेले नाही. या वर्षी जुलैच्या पहिल्या दिवशी मी पुन्हा पॉवर हाऊस स्थानकावर उतरलो, तेव्हा तेच वाक्य माझ्या सोबतीला होते.

सत्ताधाऱ्यांच्या नैतिक कर्तव्यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तिचा रोख बहुधा लाचलुचपत, घराणेशाही आणि दिलेल्या शब्दाला न जागणे यांवर असतो. हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याही आधी येणारा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची जबाबदारी नेमकी कोठे संपते? कागदावर ज्यांची नावे आहेत त्यांच्यापाशी, की त्याच्या निर्णयाने ज्यांचे आयुष्य घडते-बिघडते त्या शेवटच्या माणसापाशी? भिलाई हे या प्रश्नाचे गाव आहे. स्वतंत्र भारताच्या राज्यसंस्थेने आपली सत्ता येथे जितक्या सद्हेतूने उभारली तितकी फार थोड्या ठिकाणी उभारली असेल, आणि त्या सत्तेच्या जबाबदारीची मर्यादाही येथेच स्पष्ट दिसली.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद प्रकल्पाचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. शेतजमिनी आणि तळ्यांच्या त्या मुलखात आखीव रस्त्यांची, सेक्टर-सेक्टरची नगरी उभी राहिली. प्रकल्पाने आपल्या कर्मचाऱ्यांना घर दिले, पाणी दिले, मुलांना शाळा दिल्या, सेक्टर नऊमध्ये मोठे रुग्णालय दिले. पंडवानीला जगभर पोहोचवणाऱ्या, भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनाही याच प्रकल्पाने नोकरी दिली. मालक, घरमालक, नगरपालिका, शिक्षणसंस्था, रुग्णालय या सगळ्या भूमिका एकाच संस्थेने वठवल्या आणि हजेरीपटावरच्या माणसांपुरत्या त्या चांगल्या वठवल्या, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. कामगाराच्या मुलाला अभियंता होता येते, हे मध्य भारतातील हजारो कुटुंबांना प्रथम भिलाईने दाखवले.

पण पोलाद केवळ भिलाईत तयार होत नाही. त्याची सुरुवात होते दल्ली आणि राजहराच्या तांबड्या डोंगरांत, भिलाईपासून नव्वद-एक किलोमीटरवर. तेथील लोहखनिज हाताने फोडून मालमोटारींत भरणारे हजारो स्त्री-पुरुष प्रकल्पाचे कर्मचारी नव्हते. ते ठेकेदाराची माणसे होते. खाण त्याच प्रकल्पाची, खनिज त्याच भट्टीत जाणारे, कामाचा वेगही वरूनच ठरणारा. तरीही घर, शाळा, दवाखाना या साऱ्या गोष्टी हजेरीपटापाशी येऊन थांबत. बोनसची वेळ आली की कायम कामगाराला ३०८ रुपये आणि कंत्राटी कामगाराला ७० रुपये, असा हिशेब मांडला गेला. या अन्यायातूनच १९७७च्या मार्चमध्ये कंत्राटी खाणकामगारांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली आणि आणीबाणीचा तुरुंगवास भोगून नुकत्याच सुटलेल्या शंकर गुहा नियोगी यांना तिचे नेतृत्व करण्यासाठी बोलावले. जलपायगुडीहून आलेले नियोगी भिलाईच्या कोक भट्टीवर काम केलेले, तेथून बडतर्फ झालेले आणि त्यानंतर छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत राबलेले कार्यकर्ते होते.

त्या वर्षीच्या संघर्षातील एक मागणी मला नेहमी आठवते. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी बांबू-बल्ल्यांचे १०० रुपये मिळावेत, ही ती मागणी. आपल्या कोकणात, विदर्भात ज्यांनी मे महिन्याच्या अखेरीस घर शाकारले आहे त्यांना या शंभर रुपयांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ज्या संस्थेने काही कोसांवर पक्क्या घरांची नगरी वसवली होती, तिच्याच खनिजाचे ओझे वाहणारी माणसे गळके छप्पर बुजवण्यापुरते पैसे मागत होती. २ आणि ३ जून १९७७ रोजी राजहऱ्यात पोलिसांनी गोळीबार केला. अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती आणि एक लहान मुलगाही.

त्या गोळीबाराच्या वेळी सत्ता कोणाच्या हाती होती, हे पाहण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात राष्ट्रपती राजवट होती. दिल्लीत जनता पक्षाचे सरकार होते आणि त्यातील अनेक मंत्री स्वतः आणीबाणीत गजाआड राहिलेले होते. ज्यांनी राज्यसंस्थेचा अतिरेक अंगावर सोसला होता त्यांच्याच अमलात, सत्तेवर आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत हे घडले. माणूस बदलला म्हणजे सत्तेचा स्वभाव बदलतो, या आपल्या आवडत्या समजुतीला राजहरा हे उत्तर आहे. सज्जन माणूस सत्तेवर आला तरी हजेरीपटाची रेघ तो आपल्या आधीच्या माणसाकडून तशीच्या तशी स्वीकारतो. माझे मामाही सज्जनच होते.

संप पुढे चालूच राहिला आणि अखेर मागण्या मान्य झाल्या. येथे गोष्टीला वळण मिळते, कारण आता सत्तेचा एक अंश कामगारांच्या हाती आला. संघटना मोठी झाली, मजुरी वाढली आणि वाढलेल्या मजुरीतला मोठा वाटा दारूच्या दुकानात जाऊ लागला. मजुरी मिळवून दिली, पुढे तिचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे, असे म्हणून संघटनेला मोकळे होता आले असते. तिने तसे केले नाही. दारूबंदीची मोहीम हाती घेतली, तीत स्त्रिया आघाडीवर राहिल्या आणि पिणाऱ्या सभासदांना दंड ठोठावला गेला. एका महिला नेत्याचा प्रसूतीच्या वेळी योग्य उपचारांअभावी मृत्यू झाला तेव्हा संघटनेने केवळ निषेधसभा घेतली नाही. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून रुग्णालय उभारले आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील मृतांच्या स्मृतिदिनी, ‘शहीद अस्पताल’ सुरू झाले. ते फक्त सभासदांसाठी नव्हते. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, आदिवासी सगळ्यांसाठी त्याचे दार उघडे होते. ज्यांना हजेरीपटाबाहेर ठेवण्यात आले होते त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या दारात तशी रेघ ओढली नाही. खाणींत यंत्रे येऊ लागली तेव्हाही त्यांनी सरसकट विरोध न करता काही काम यंत्राने, काही हाताने, असा अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. हातात आलेल्या बळाने केवळ मागायचे नसते, उत्तरही द्यायचे असते, हे त्यांना कोणा तत्त्वज्ञाने शिकवले नव्हते.

नियोगी १९९०च्या सुमारास भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांकडे वळले. पोलाद प्रकल्पाच्या आधाराने तेथे खासगी कारखाने वाढले होते आणि त्यांत कंत्राटी कामगारांचा भरणा होता. जगण्यापुरती मजुरी, कायम नोकरी, संघटनेला मान्यता आणि आठ तासांचा दिवस, या त्यांच्या मागण्या होत्या. आठ तासांचा दिवस! डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत असताना, १९४२ मध्येच, हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर घेतला गेला होता. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही घातली होती. जे अर्ध्या शतकापूर्वी मान्य झाले होते ते मिळवण्यासाठी भिलाईत माणसे कामावरून काढली जात होती, त्यांच्यावर हल्ले होत होते.

आपल्या जिवाला धोका आहे, हे नियोगींना ठाऊक होते. त्यांनी ते डायरीत लिहून ठेवले, ध्वनिफितीत नोंदवून ठेवले. सप्टेंबर १९९१ मध्ये ते कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांना भेटले. त्यानंतर काही दिवसांतच, २८ सप्टेंबरच्या पहाटे, भिलाईतील हुडको वसाहतीत ते झोपलेले असताना खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला. ते ४८ वर्षांचे होते.

खटला चौदा वर्षे चालला. १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने काही उद्योजकांसह सहा जणांना दोषी ठरवले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळ्या झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि इतरांची सुटका कायम ठेवली. ज्यांना न्यायालयाने निर्दोष ठरवले त्यांना आपणही निर्दोषच मानले पाहिजे. कायद्याच्या राज्याची ती अट आहे. परंतु त्यामुळे राज्यसंस्थेची जबाबदारी हलकी होत नाही. एक नागरिक आपला जीव धोक्यात आहे असे सांगतो, देशाच्या सर्वोच्च पदापर्यंत जातो आणि तरीही आपल्या अंथरुणात मारला जातो, तेव्हा गुन्हेगार कोण, हा न्यायालयाचा प्रश्न असतो. त्याला वाचवण्याचे काम कोणाचे होते, हा सत्तेचा प्रश्न असतो. पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला. दुसरा कोणी विचारलाच नाही.

महाराष्ट्राला हे दृश्य अपरिचित नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत यांचा असाच खून झाला. दोघांच्या कार्यपद्धतीत मोठे अंतर होते, पण दोघांच्या मृत्यूने एक गोष्ट सारखीच सांगितली. असंघटितांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचे संरक्षण, हे आपल्या राज्यकर्त्यांना स्वतःचे काम वाटत नाही.

नियोगींच्या खुनानंतरही मागण्या तशाच होत्या. १ जुलै १९९२ रोजी कामगार आपल्या बायकामुलांसह पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर येऊन बसले. रेल्वे अडवणे बेकायदा होते, यात शंका नाही. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. १६ कामगार ठार झाले. एका पोलीस उपनिरीक्षकालाही त्या दिवशी प्राण गमवावे लागले. तेव्हापासून दर वर्षी या दिवशी कामगार त्या स्थानकात फुले वाहायला येतात. यंदा मी गेलो तेव्हा पाऊस लागला होता. ज्या रुळांवर ती माणसे बसली होती त्यांसारखे लाखो टन रूळ याच गावाने देशाला दिले आहेत. फलाटावर गाडीची वाट पाहणारी तरुण मुले-मुली बाजूला सरकून वाट देत होती आणि हे काय चालले आहे, असे एकमेकांना विचारत होती.

पंचायत अशी आहे की, कायद्याने हा प्रश्न अगदीच टाळलेला नाही. १९७०च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ‘मूळ मालक’ ही संकल्पना आणली. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. मजुरी वाटताना त्याचा प्रतिनिधी हजर हवा. पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, विश्रांतीची जागा ठेकेदाराने पुरवली नाही तर मूळ मालकाने पुरवायची. विशिष्ट कामांत कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. मात्र ती बंद केल्यावर कामगारांचे काय करायचे, हे अधिनियम सांगत नव्हता. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, भिलाई प्रकल्प ज्या कंपनीचा आहे त्या स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्याच प्रकरणात, आधीचा निर्णय बाजूला सारून सांगितले की, कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. कायद्याचा शब्द पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कल्याणाच्या सोयी पुरवण्याचे काम थेट मूळ मालकावर सोपवले, हे चांगले पाऊल आहे. त्याच संहितेने कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा मात्र २० कामगारांवरून ५० वर नेली. म्हणजे एका हाताने रेघ पुसायची आणि दुसऱ्या हाताने ती थोडी अलीकडे ओढायची.

तीजनबाईंच्या तोंडून द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रसंग ज्यांनी ऐकला असेल त्यांना तो विसरता येत नाही. सभेत द्रौपदी विचारते की, युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावून गमावले की मला? स्वतःवरच ज्याची मालकी उरली नाही तो मला पणाला कसा लावू शकतो? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, या प्रश्नाचा निर्णय मला करता येत नाही. मला नेहमी वाटते की, त्या सभेत सर्वांनी चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधले. ती कोणाची, कोणाच्या हक्काची, हा वाद चालू राहिला. समोर एका स्त्रीची विटंबना होत आहे आणि ती थांबवण्याचे बळ आपल्या हातात आहे, एवढे पुरेसे होते. ‘आपला की ठेकेदाराचा’ हा त्याच सभेतला प्रश्न आहे. तो विचारणारे दुष्ट नसतात. बहुधा ते नियम जाणणारे, आदरणीय लोक असतात आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

धोका मात्र हजेरीपट वाचत नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाई प्रकल्पातील एका पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब घटला आणि विषारी वायू पसरला. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर दुरुस्तीचे काम चालू असताना आग भडकली आणि डझनभर माणसे दगावली. या दुसऱ्या दुर्घटनेनंतर प्रकल्पाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदावरून दूर करण्यात आले, दोन अधिकारी निलंबित झाले. वर बसलेल्याने उत्तर द्यावे, हे तत्त्व त्या दिवशी तरी पाळले गेले. आपल्याकडे ते किती विरळा आहे, हे समृद्धी महामार्गाच्या वाचकांना सांगायला नको. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ तुळई उभारणारे अवजड यंत्र कोसळून वीस जण दगावले. त्यांत बहुतेक परराज्यांतून आलेले होते. गुन्हा नोंदवला गेला तो कंत्राटदारांवर. महामार्गाच्या उद्घाटनाच्या फलकांवर ज्यांची नावे असतात त्यांच्यापर्यंत असे प्रश्न सहसा पोहोचत नाहीत.

मराठी वाचकाला या संदर्भात शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले पत्र आठवल्याशिवाय राहणार नाही. दाणागोटा बेहिशेब उधळला तर पावसाळ्यात लोक रयतेला लुबाडतील. रात्री दिवा उघडा ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. मग सारी छावणी जाईल, असा त्याचा आशय. साम्राज्याशी झुंजणारा राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो. झालेल्या हानीबद्दल हळहळण्यात त्याला समाधान नाही. आपल्या हुकमाच्या शेवटच्या टोकाला, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा कुणब्याला काय सोसावे लागेल, हे आधीच पाहणे तो आपले काम समजतो.

छत्तीसगडच्या स्वतःच्या परंपरेतही असा दाखला आहे. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी १८५६च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून उपाशी रयतेत वाटले आणि आपण काय केले ते इंग्रज अधिकाऱ्याला स्वतःहून कळवले, असे सांगतात. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आले. त्यांची विस्मृत झालेली आठवण खाणकामगारांपर्यंत पुन्हा पोहोचवण्याचे श्रेय नियोगींच्या चळवळीकडे जाते. एका जमीनदाराचे चित्र कामगार संघटनेने आपल्या कार्यालयात का लावावे, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. माझ्या मते, सत्ता कशी वापरावी याचा तो त्यांच्या मातीतला धडा होता. कोठार व्यापाऱ्याचे होते, पण भूक जमीनदाराच्या मुलखातली होती आणि तेवढ्यावरूनच ती आपली जबाबदारी आहे, असे त्याने मानले.

मग व्यवहारात काय करावे? माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक मोठ्या प्रकल्पात कायम आणि कंत्राटी कामगारांची अपघात-नोंदवही एकच असावी आणि ती दर तिमाहीला जाहीर व्हावी. एकाच कामावर मृत्यू झाला तर भरपाई आणि वारसाच्या पुनर्वसनाचा नियमही एकच असावा. मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी खरोखर जमा झाला की नाही, हे तपासल्याशिवाय ठेकेदाराचे देयक मंजूर होऊ नये, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्या कागदावर असावे. याला खर्च फारसा नाही. अडचण वेगळीच आहे. माहिती हाती आली की जबाबदारी टाळता येत नाही, म्हणून ती न घेण्याकडेच कल असतो.

शिवाय हे अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. माथाडी आणि हमाल कामगार आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे ओझी वाहत. ते नेमके कोणाचे, याचे उत्तर कधीच मिळत नसे. १९६९च्या माथाडी कायद्याने तो वादच बाजूला ठेवला. ज्याचे ओझे वाहिले त्याने मजुरी आणि तिच्यावरील आकार मंडळाकडे भरायचा, मंडळाने कामगाराला मजुरी, निधी आणि वैद्यकीय सोय द्यायची. त्या कायद्याची अंमलबजावणी आज अनेक ठिकाणी दुबळी झाली आहे, काही ठिकाणी तिचा गैरवापरही झाला. पण त्यामागचा विचार अजून जुना झालेला नाही. ‘कोणाचा माणूस’ हे न ठरवताही माणसाला न्याय देता येतो, हे या राज्याने एकदा करून दाखवले आहे.

भिलाईहून परतल्यावर मला आणखी एका गोष्टीचा हिशेब द्यावा लागला. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सहा वर्षे सचिव आहे. दर महिन्याला सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या धनादेशावर माझी सही असते. रात्रपाळीचा रक्षक बारा तास उभा असतो, हे मी रोज पाहतो. त्याच्या हातात किती रुपये पडतात, त्याचा निधी भरला जातो का, आजारी पडला तर त्या दिवसाचे पैसे कापतात का, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. कोणी मला विचारले असते तर मी अगदी सहज म्हणालो असतो की, तो आमचा नाही, एजन्सीचा माणूस आहे.

सहा-सात रक्षकांच्या संस्थेला कंत्राटी कामगारांचा तो कायदा लागू होत नाही. मर्यादा ५० ची आहे. तरीही त्या रक्षकाने रात्री कोठे बसावे, पावसात त्याला आडोसा असावा की नाही, त्याला उद्या बदलून टाकावे की नाही, हे माझ्या एका दूरध्वनीवर ठरते. एवढी सत्ता माझ्या हातात आहे. परवा मी एजन्सीकडून तीन महिन्यांच्या वेतनाची आणि निधीची कागदपत्रे मागवली. कार्यकारिणीच्या बैठकीत एका सदस्यांनी त्रासून विचारले, हे आपण कशाला पाहायचे? मला पॉवर हाऊस स्थानकावरचा पाऊस आठवला, शाकारणीचे शंभर रुपये आठवले आणि मामांच्या हातातला तो घास आठवला. ‘‘कारण तो आपल्या दारात उभा आहे,’’ असे मी म्हणालो. कागदपत्रे अजून आलेली नाहीत. या महिन्याच्या धनादेशावर मी अजून सही केलेली नाही. पण धनादेश अडला की त्या रक्षकाची मजुरी आधी अडेल, हेही मला कळते. तेव्हा आज संध्याकाळी मी खाली जाऊन प्रथम त्याच्याशीच बोलणार आहे. सहा वर्षांत त्याचे नाव मी विचारलेले नाही.